पोट न बघता ओळखलेला तुकडा

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता मामा पलंगाखालून बाहेर आले, त्यांनी गुडघे झटकले आणि चहा मागितला.

हे वाक्य कुणी लिहिलेलं नाही आणि कुणी वाचलेलं नाही. मामा अजून पलंगाखालीच आहेत. नेमकं सांगायचं तर पलंगाखालीही नाहीत, पलंगाखालून पुढे आहेत, आणि ते परत येतील असं त्या घरात कुणालाही वाटत नाहीये. वाजलेत सव्वाआठ.

सव्वाआठला चिमटीचा फोन वाजला. चिमटी म्हणजे मामांची भाची. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीच होती, आणि पुढेही तिने त्यात फारशी सुधारणा केली नाही. फोन वाजला की तिला धस्स व्हायचं. नाही वाजला की वाटायचं, कुणीतरी गेलंय आणि आपल्याला कळवायचं राहिलंय. तिला लिफ्टची भीती होती आणि जिन्याची पण होती, त्यामुळे तळमजल्यावरच्या नातेवाइकांशीच तिचं फार सख्य होतं. मामा तिसऱ्या मजल्यावर राहायचे.

"अगं, तुझे मामा पलंगाखाली गेलेत," मामी म्हणाली.

"काय शोधतायत?"

"शोधत नाहीयेत. जातायत."

"कुठे?"

"लांब," मामी म्हणाली आणि रडायच्या आधी माणूस जसा नाक ओढतो तसं तिने नाक ओढलं. "सात वाजता गेले. चहासुद्धा घेतला नाही. ये तू."

चिमटीने पायात चपला अडकवल्या. कारण मामीने पुढचं काही सांगायच्या आधीच तिला कळलं होतं, की हे त्या तुकड्याचं काम आहे. आणि तो तुकडा कसला आहे हे मामांना सांगितलं होतं तिनेच.

चिमटी खेळण्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, आणि तिथे तिला काम एकच होतं: रूळ ओळखणं. लाकडी आगगाडीचे संच लोक हौसेने घेतात. मुलं मोठी होतात, रूळ पिशवीत जातात, पिशवी माळ्यावर जाते. पुढच्या पिढीत मूल झालं की पिशवी खाली येते, तोवर तिच्यात चार निरनिराळ्या संचांचे रूळ, एक विजार नसलेली बाहुली आणि कशालाच न जुळणारा एक तुकडा जमा झालेला असतो. तो तुकडा घेऊन लोक दुकानात येत. सरळ, वळण, फाटा, चढ, पूल हे कुणालाही कळतात. चिमटीकडे यायचे ते बाकीचे. दोन्ही टोकांना खुंटी असलेले, दोन्हीकडे खाच असलेले, अर्ध्या बोटाचे भरतीचे, एका अंगाने लाकडी रुळाला धरणारे आणि दुसऱ्या अंगाने प्लॅस्टिकच्या. ती तुकडा आधी पालथा करून पोट बघायची, मग खुंटीची मान दोन बोटांत धरायची, मग चरातून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "हा पुलाच्या आधीचा. याचा जोडीदार हरवलाय." लोक चाट पडायचे. डॉक्टरला सुद्धा एवढा मान मिळत नसेल, कारण डॉक्टर आधी तपासण्या करायला सांगतो.

दुकानाच्या मालकीणबाईंचा नियम साधा होता. पोट बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही. "न बघता ओळखणं म्हणजे फोनवरून दाढ काढणं," असं बाई म्हणायच्या.

मंगळवारी चिमटीने फोनवरून दाढ काढली होती.

ती डबा खात होती, तोंडात घास होता, आणि मामांचा फोन आला. मामा चष्म्याच्या भिंगांना घासून आकार द्यायचं काम करत, आणि उरलेला सगळा वेळ घरात रूळ अंथरत. त्यांचा रूळ स्वयंपाकघराला वळसा घालून, न्हाणीघराच्या दाराला पाडलेल्या भोकातून, दिवाणखान्याच्या कडेकडेने झोपायच्या खोलीत जायचा. जेवणाच्या टेबलाखालचं स्थानक जरा हलवता येईल का, असं मामीने एकदा विचारलं होतं. "प्रवाशांची गैरसोय होईल," मामा म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला. झोपायच्या खोलीत रूळ पलंगाखाली शिरायचा आणि भिंतीपाशी संपायचा. संपणारा रूळ मामांना बघवत नसे.

"चिमटे, एक तुकडा मिळालाय. जुन्या सामानात. वीतभर, सरळ, दोन्हीकडे खुंटी. लाकूड काळपट आहे, आणि हातात घेतला की जरा थंड लागतो."

"जोडतुकडा असेल," चिमटी घास गिळत म्हणाली. "बिनधास्त लावा कुठेही."

पोट कसं आहे, हे तिने विचारलं नाही. एवढंच. आयुष्यात माणसं याहून मोठ्या चुका करतात आणि आरामात म्हातारी होतात.

चिमटी तिसऱ्या मजल्यावर कशी पोचली हे तिला आठवत नाही, म्हणजे बहुधा लिफ्टनेच आली असावी. दार उघडंच होतं. झोपायच्या खोलीत मामी पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती आणि तिने एक हात रुळावर ठेवला होता, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"हलतोय," मामी हळू आवाजात म्हणाली. "ते चालले की इथे कळतं."

चिमटी वाकली आणि पलंगाखाली बघितलं. रूळ नेहमीसारखा आत गेला होता. टोकाला तो काळपट तुकडा बसला होता. त्याच्यापुढे चार बोटांवर भिंत असायची. आता तिथे भिंत नव्हती. भोक पडलं असतं, तडा गेला असता, विटा खाली आल्या असत्या, तर चिमटीला बरं वाटलं असतं. तसं काहीच नव्हतं. पलंगाखालचा अंधार जिथे संपायला हवा तिथे संपत नव्हता, आणि त्या अंधारात रूळ सरळ पुढे गेला होता. तिने फोनचा उजेड टाकला. उजेड गेला आणि कशावरही आपटला नाही.

"मामा!" ती ओरडली. आवाज निघाला तो उंदराचा.

थोड्या वेळाने आतून मामा म्हणाले, "आलीस का? बरं झालं. इथे उतार आहे."

आवाज मजेत होता. तेच जास्त वाईट होतं.

"मामा, परत फिरा!"

"दोनदा फिरलो," मामांचा आवाज आला. "फिरलं तरी पुढेच जायला होतं. मागे तोंड केलं की मागची बाजू पुढे येते. तू काळजी करू नकोस. रूळ मी टाकलेले नाहीत, पण जोड झकास बसवलेत. कुणी बसवले असतील गं?"

 हा प्रश्न चिमटीने पलंगाखालीच ठेवला आणि डोकं बाहेर काढलं.

"किती लांब आहेत?" तिने मामीला विचारलं.

"किल्लीचं इंजिन सोडून बघते मी दर थोड्या वेळाने. डब्यात काहीतरी घालते त्यांच्यासाठी. पोचलं की ते सांगतात." मामीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "पहिलं पोचलं अर्ध्या मिनिटात. चष्मा घातला होता त्यात. दुसरं पोचलं चार मिनिटांनी, बिस्किटं होती. तिसरं सोडलंय आठ वाजता, मोजे घालून."

आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"किल्ली एवढा वेळ टिकते?"

"नाही टिकत," मामी म्हणाली. "तरी जातंय."

एवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज आला. खालच्या मजल्यावरचे मास्तर होते. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सगळ्या इमारतीला वळण लावत असलेले.

"आमच्या भिंतीतून शिट्टी ऐकू येते," मास्तर म्हणाले. "आधी बारीक होती, आता आणखी बारीक झाली. आधीची चालत होती, ही सहन होत नाही."

"वाका आणि बघा," मामी म्हणाली.

मास्तर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"परवानगी घेतली होती का?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"वाढीव बांधकामाची."

"मास्तर, माझा नवरा आहे आत!"

"ते दिसतंय. म्हणजे दिसत नाहीत, तेच म्हणतो मी." मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि माणुसकीला जागून अग्निशमन दलाला फोन लावला. त्यांनी सगळं नीट, ओळीत सांगितलं. पलीकडच्या माणसाने पलंगाची लांबी विचारली. सहा फूट, मास्तर म्हणाले. माणूस कितीवर अडकलाय? मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बेचाळीस मिनिटांवर." पलीकडच्या माणसाने त्यांचं वय विचारलं आणि घरात कुणी मोठं आहे का म्हणून चौकशी केली. मास्तरांनी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर बराच वेळ ते काही उपयोगी पडले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत, आणि चिमटीला त्यांचं असणं बरं वाटलं.

नऊला पाच कमी असताना मामांचा आवाज आला. शिडीच्या टोकावरून यावा तसा. "मोजे मिळाले."

पंचावन्न मिनिटं. म्हणजे ते चालत नव्हते. ओढले जात होते, आणि वेगही वाढत होता.

"तू ओळखतेस ना तुकडे?" मामीने चिमटीचा दंड धरला. "मग ओळख. हा कसला आहे, काढायचा कसा, याचा उतारा काय, सांग. लोकांच्या पोरांचे ओळखतेस."

"मामी..."

"काय?"

"मीच सांगितलं होतं मामांना. मंगळवारी. फोनवर. जोडतुकडा आहे, लावा म्हणून."

मामीने हात काढून घेतला. ती काही बोलली नाही, आणि मामी बोलत नाही म्हणजे भांडं खाली पडलंय पण आवाज यायचा राहिलाय, असं समजायचं.

"न बघता?" अखेर तिने विचारलं.

"न बघता."

"वा," मामी म्हणाली. "मी त्यांना म्हणत होते, हे काळं लाकूड घरात नको. ते म्हणाले, चिमटीने सांगितलंय. चिमटीने! वेद वाचल्यासारखं बोलत होते. तुझ्या शब्दावर तो माणूस चहा न घेता गेला." तिने पलंगाकडे बोट केलं. "जा आता. आत जा आणि पोट बघ त्याचं. मंगळवारचं काम आज कर."

चिमटी पालथी झाली आणि पलंगाखाली सरकली.

ही फूट-दीड फुटाची बाब होती. पण भित्र्या माणसाचा फूट वेगळा असतो. गादीखालचं लाकूड केसांना घासत होतं. समोरून वारा येत होता. तो गारही नव्हता आणि ऊनही नव्हता. खोली कितीतरी वर्षं बंद ठेवल्यावर जसा वास येतो तसा वास त्याला होता, फक्त खोली फार मोठी असावी. मामीने तिचे दोन्ही पाय घोट्याशी घट्ट धरले होते. "मी धरलंय," मामी म्हणत होती. "तू गेलीस तर मी पण येईन, म्हणजे मग मास्तरांना एकट्यांना सगळं आवरावं लागेल."

"नको," खुर्चीतून मास्तर म्हणाले.

तुकडा हाताला लागला. बर्फासारखा नव्हता, नळाच्या पाण्यासारखा होता. अलीकडची खुंटी मामांच्या रुळात होती. पलीकडची कुणाच्यातरी रुळात होती, आणि जोड खरोखरच झकास होता. चिमटीने चरातून अंगठा पुढे फिरवला. गुळगुळीत. मागे आणला, तर तो अडला. मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं लाकडाचं रोम न् रोम उभं राहिलं. या अंगाने फक्त जायचं होतं. मग तिने श्वास धरला आणि करंगळी तुकड्याच्या खाली घातली. पोटालाही चर होता. तिने करंगळी पुढे नेली, ती अडली. मागे आणली, ती सुळकन आली.

तिला कळलं. आणि कळलं तेव्हा ती इतकी घाबरली की घाबरायचंच विसरली.

"ओढ!" ती ओरडली, आणि मामीने तिला गालिच्यासारखी बाहेर ओढली.

"पाठ जायची आहे, पोट यायचं," चिमटी धापा टाकत म्हणाली. "पाठीवरून गेलेलं पाठीवरून येत नाही. तुकडा काढून पालथा करून लावला, की जे आत आहे ते बाहेर येईल."

"मग कर ना!"

"मामी, पालथा करायचा तर आधी काढावा लागेल."

"मग काढ."

"काढला की..." चिमटीने ओठांवरून जीभ फिरवली. "काढला की भिंत असेल. मामा कुठेच नसतील. तेवढा वेळ."

"तेवढा म्हणजे किती?"

"दोन सेकंद. तीन."

"आणि तीन सेकंदांनी?"

चिमटीला जे माहीत नव्हतं ते तिने या वेळी सांगितलं नाही. मामीने तिच्याकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग जमिनीवर बसून दोन्ही हात तोंडाशी धरले. "अहो! तुकडा पालथा करायचाय! करू का?"

त्यांनी वाट बघितली. घड्याळाच्या मोठ्या काट्याची एक फेरी झाली, दोन झाल्या.  अकरा वाजून गेल्यावर, विहिरीच्या तळातून यावा तसा, मामांचा आवाज आला. "दोनदा फिरलो... फिरलं तरी पुढेच जायला होतं."

 हे ते मघाशीच बोलले होते. शब्दच्या शब्द तेच, पण आवाजातली मजा गेली होती. त्यानंतर आणखी एक वाक्य आलं, ते नवं होतं, आणि ते फार हळू होतं. "अगं, दिवा लाव ना. तू कुठेयस?"

मामी उठली. तिने पदर खोचला नाही, डोळे पुसले नाहीत, काही केलं नाही. फक्त म्हणाली, "कर."

सव्वाअकरा वाजत आले होते. चिमटी पुन्हा आत सरकली. तिने तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि वर उचलला.

भिंत होती.

चार बोटांवर, पांढरी, चुन्याची, रूळ टाकताना मामांनी पेन्सिलीने केलेल्या खुणेसकट. साधी, जुनी, कुणालाही दोष न देता उभी असलेली भिंत. मागे मामी ओरडली, कारण पुन्हा रुळावर ठेवलेल्या तिच्या हाताखालची थरथर थांबली होती. चिमटीने आयुष्यात इतकी शांतता ऐकली नव्हती. एक. तिने तुकडा पालथा केला. दोन. खुंटी खाचेवर ठेवली आणि दाबली. तीन.

बसेना.

चार. पाच. पोटाच्या बाजूने खुंटी फुगली होती. वापरात नसलेलं लाकूड फुगतं, हे दुकानातल्या मांजरालाही माहीत होतं. "बसत नाहीये!" सहा. "काय?" "बसत नाहीये!" सात, आठ. "साबण!" मास्तर खुर्चीतून ओरडले. त्या दिवसाचं त्यांचं एकमेव उपयुक्त वाक्य. मामी न्हाणीघरात पळाली, रुळाला अडखळली, स्थानक उधळलं, आणि साबणाची वडी जमिनीवरून घसरत पलंगाखाली आली. चिमटीने खुंटीला साबण फासला. ती हुंदके देत होती आणि आकडे मोजायचं तिच्याने थांबत नव्हतं. एकोणीस. वीस. एकवीसला खुंटी आत गेली.

आणि पलीकडून, भिंतीतून, कुणीतरी दुसरी खुंटी बसवल्याचा आवाज आला. टक्.

भिंत नव्हती. वारा आता आतल्या बाजूला वाहत होता. चिमटीने स्वतःच स्वतःला बाहेर ढकललं, ती थेट कपाटाला जाऊन टेकली.

आधी तिन्ही इंजिनं आली, उलटी, मागे मागे. मग मोजे आले. मग बिस्किटं, त्यातलं एक अर्धं खाल्लेलं. मग एक हात आला आणि मग सगळे मामा. उठून त्यांनी गुडघे झटकले आणि म्हणाले, "चहा आहे का?"

मामीने त्यांना मारलं आणि मिठी मारली, त्याच क्रमाने. मग ती धावत जाऊन चहा घेऊन आली आणि तो तिघांनाही दिला, मास्तरांना बशीसकट. मामा भिंतीला टेकून बसले. दाढी वाढली होती. साडेचार तासांत वाढेल त्यापेक्षा जास्त.

"आत काय होतं, मामा?" चिमटीने विचारलं.

मामांनी कप उचलला. "चांगलं काम चाललंय तिथे," ते म्हणाले. "अजून चाललंय." याहून जास्त त्यांनी त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

मामी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. कप डाव्या हातात होता. मामा उजवे होते. भांग तिकडे होता जिकडे कधी नसायचा. तिने हात पुढे करून त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला. उजव्या गालावर एक तीळ होता. लग्नापासून एकोणतीस वर्षं तो डाव्या गालावर होता. मामीने काही न बोलता त्यांच्या छातीला कान लावला, नेहमीच्या जागी, आणि मग कान उचलून दुसऱ्या बाजूला लावला. तिथे होतं. व्यवस्थित चालू होतं.

चिमटीने हातातला कप खाली ठेवला. लाकडी रूळ पालथा केला की त्याचं डावं वळण उजवं होतं. दुकानात पहिल्या आठवड्यात, पहिल्या दिवशी, चहा कुठे मिळतो हे सांगायच्याही आधी हे सांगतात.

"परत घालता येईल," ती पुटपुटली. "तुकडा पुन्हा पालथा करायचा. मामा पाठीवरून आत, मग परत..."

मामांच्या हातून कप पडला. ते पलंगापासून सरकत सरकत दारापर्यंत गेले, आणि माणूस असा सरकताना चिमटीने आजवर फक्त स्वतःलाच पाहिलं होतं. "नाही," ते म्हणाले. "नाही, नाही. तिथे नाही."

"कुणी घालत नाहीये तुम्हाला," मामी म्हणाली. मग तिने त्यांना प्रश्न विचारले. पहिल्या भेटीत काय म्हणाला होतात? तिच्या आईला ते काय म्हणून चिडवत? कपाटाची किल्ली कुठे असते? मामांनी तिन्ही उत्तरं बरोबर सांगितली, फक्त किल्ली काढायला ते उलट्या बाजूला गेले आणि भिंतीवर आपटले. मामीने पडलेला कप उचलला.

"माणूस तेच आहेत," शेवटी ती म्हणाली. "पालथे पडलेत. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपत जाईन."

तिने चिमटीकडे पाहिलं. डोळे लाल होते. त्यात माफी होती, आणि माफीच्या मागे, अगदी तळाशी, चिमटीइतकीच भीती होती. आपण कुणाच्या शेजारी झोपणार आहोत, याची.

तुकडा चिमटीने दुकानात नेला. मालकीणबाईंनी आधी पोट बघितलं, मग चिमटीचा चेहरा बघितला, आणि तो लोखंडी डब्यात ठेवून डब्यावर दोन शिवणयंत्रं ठेवली. दिवस गेले. मामा डाव्या हाताने भिंगं घासायला शिकले, किंवा त्यांना ते येतच होतं. मामी दुसऱ्या बाजूला झोपायला लागली. तिसऱ्या आठवड्यात ओळखपत्राचं नूतनीकरण आलं. खिडकीतल्या कारकुनाने छायाचित्राकडे बघितलं, मामांकडे बघितलं, पुन्हा छायाचित्राकडे बघितलं आणि म्हणाला, "हे तुम्ही नाही आहात." मामांना दरदरून घाम फुटला, आणि ते "आहे" म्हणाले नाहीत. मामीने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच रात्री तिने चिमटीला फोन केला, तू नीट वर्णन करतेस, तूच अर्ज लिही म्हणून. चिमटीने लिहिलं. तीन प्रती केल्या, सही मामीची घेतली, आणि स्वतः जिना चढून, कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत नेऊन दिलं.

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
ओळखपत्र व खुणा विभाग.

विषय: ओळखीच्या खुणेची बाजू बदलून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराचे पती हे दिनांक चौदा रोजी सकाळी सात ते साडेअकरा या वेळेत घरगुती कारणास्तव पलंगाखाली होते. परत आल्यानंतर त्यांची आपल्या दप्तरी नोंद असलेली खूण, "डाव्या गालावर तीळ", ही उजव्या गालावर आढळून आली आहे. सदर बदलात पतीचा कोणताही दोष नसून, ओळख देणाऱ्या व्यक्तीने तुकड्याचे पोट तपासले नव्हते, हे तिने सोबतच्या प्रतिज्ञापत्रात मान्य केले आहे.

तरी सदर तीळ कागदोपत्री उजव्या गालावर हलविण्यात यावा. तसे करणे नियमात बसत नसल्यास, नोंदीप्रमाणे डाव्या गालावर तीळ असलेले मूळ पती जिथे कुठे असतील तिथून शोधून, ते हेच आहेत किंवा हे नाहीत असा लेखी दाखला आपल्या कार्यालयाने शिक्क्यासह द्यावा, आणि दाखला मिळेपर्यंत अर्जदाराने रात्री दिवा चालू ठेवावा की बंद, याबाबत योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.